आधी किनारा, मग तलाव

क्रोएशियातल्या दुब्रोव्हनिकमध्ये वॉटर पोलोचा, म्हणजे पाण्यात पोहत चेंडू गोलात टाकायच्या खेळाचा, एक क्लब आहे. त्याचं नाव ‘युग’. उच्चार आपल्या ‘युग’ शब्दासारखाच, अर्थ मात्र वेगळा. क्रोएशियन भाषेत ‘युग’ म्हणजे दक्षिण दिशा. हा क्लब १९२३ मध्ये स्थापन झाला. दोनच वर्षांनी, १९२५ मध्ये, तो सर्ब-क्रोएट-स्लोव्हेन राज्याचा, म्हणजे पुढच्या युगोस्लाव्हियाचा, विजेता झाला आणि १९३१ पर्यंत त्यानं ते विजेतेपद सोडलं नाही. झाग्रेब, बेलग्रेड, स्प्लिट अशी कितीतरी मोठी शहरं त्याच राज्यात होती. त्यांना मागे टाकणाऱ्या या लहानशा तटबंदीच्या गावात तेव्हा पोहण्याचा तलाव नव्हता. तो यायला दुसरं महायुद्ध उलटून साठचं दशक उजाडावं लागलं.

खेळाचा इतिहास सांगताना हा तपशील आपण सहसा कौतुकानं सांगतो: बघा, काही नसताना पोरांनी काय करून दाखवलं! मला हे वाक्य मान्य नाही. त्या पोरांकडे काही नव्हतं, हे खरं नाही. त्यांच्याकडे समुद्र होता, आणि समुद्रापर्यंत जायला कुणाला विचारावं लागत नव्हतं. क्लबची पहिली इमारत म्हणायची तर ती हीच. आज दुब्रोव्हनिकसमोरच्या एड्रियाटिक समुद्राच्या काठाला ही इमारत शिल्लक राहील की नाही, असा प्रश्न उभा आहे. लहान गावांतल्या क्लबांचा आरंभकाळ नीट वाचला तर त्या प्रश्नाचं उत्तर मिळतं, असं मला वाटतं.

क्रोएशियाच्या कायद्यात समुद्रकिनारा हे सर्वांचं सामाईक धन आहे. त्यावर कुणाचीही मालकी चालत नाही. भरतीच्या सरासरी रेषेपासून जमिनीकडे किमान सहा मीटरची पट्टी त्यात धरली जाते. मात्र या पट्टीच्या वापराचा ठेका देता येतो. जुलै २०२३ मध्ये तिथल्या संसदेनं याविषयी नवा कायदा मंजूर केला, तेव्हा देशभर वाद पेटला. या कायद्यामुळे किनारे बंद करता येणार नाहीत, असं सरकारचं म्हणणं होतं. ठेक्यांची वाट आणखी रुंद झाली, असं विरोधकांचं. कायद्याच्या कलमांत मी इथे शिरत नाही. व्यवहारात काय होतं ते सांगतो. किनारा खुलाच राहतो, पण त्यावर खुर्च्या येतात. खुर्च्यांना भाडं येतं. चार रांगा पुढे सरकल्या की टॉवेल अंथरायला जागा उरते ती पायऱ्यांवर. मज्जाव कुणीच करत नाही, तरीही गावातला माणूस तिथे यायचा थांबतो.

आता मागे जाऊ. हा खेळ त्या किनाऱ्यावर आला कसा? ८ सप्टेंबर १९०८ रोजी स्प्लिटच्या बाचवित्से किनाऱ्यावर पहिला सामना झाल्याची नोंद आहे. फाब्यान कालितेर्ना हा स्प्लिटचा तरुण प्रागला वास्तुकला शिकत होता. चेंडू त्यानं तिथून आणला. प्रागमध्ये समुद्र नाही, पण नदी आहे, पोहणारी मंडळी आहेत, आणि स्कॉटलंड-इंग्लंडात १८७०च्या दशकात जन्मलेला हा खेळ तोवर मध्य युरोपात पोचला होता. सुट्टीत घरी आलेला एक विद्यार्थी, त्याच्या हातात एक चेंडू, समोर मोकळा किनारा; याहून जास्त भांडवल त्या दिवशी लागलं नाही.

याच बाचवित्सेची एक गोष्ट स्प्लिटमध्ये आवडीनं सांगतात. तिथलं पाणी उथळ. वॉटर पोलोत तळाला पाय टेकवायचा नसतो. तिथे तर घोट्याएवढ्या पाण्यात उभं राहता येतं. मग त्याच पाण्यातून दुसरा खेळ निघाला, ‘पिट्सिगिन’. पाच-सहा जणांनी गोल करून उभं राहायचं आणि लहान चेंडू तळहातानं उडवत ठेवायचा, पाण्यात पडू द्यायचा नाही. त्यासाठी अंग झोकून द्यायचं. गुण नाहीत, हार-जीत नाही. आज क्रोएशियानं हा खेळ आपला सांस्कृतिक ठेवा म्हणून नोंदवला आहे. मला या गोष्टीत मोठा अर्थ दिसतो. कुठल्याही समितीनं ‘उथळ पाण्यासाठी खेळ तयार करा’ असा ठराव केला नव्हता. पाणी हाताशी होतं आणि वेळ होता, म्हणून माणसांनी पाण्याच्या जातीप्रमाणे खेळ घडवला.

दुब्रोव्हनिकचं पाणी याच्या उलट. तिथे वाळूचे किनारे कमी आणि खडक फार. तटबंदीच्या पश्चिमेला डान्चेचे खडक, पूर्वेला जुन्या बंदराच्या तोंडाशी पोर्पोरेला हा लाटा अडवणारा दगडी बांध. खडकावरून सूर मारला की पहिल्याच क्षणी पायाखाली तळ नसतो. तिथल्या मुलाला पोहणं आधी येतं, पाण्यात उभं राहायची सवय नंतरही लागत नाही. वॉटर पोलोला नेमकं हेच हवं असतं. हा खेळ पाणी तुडवत खेळायचा: कमरेखाली पाय गोल गोल, आळीपाळीनं फिरवत राहायचे, म्हणजे छाती पाण्याच्या वर राहते आणि हात चेंडूला मोकळे होतात. तलावात शिकणाऱ्याला हे वेगळं शिकवावं लागतं. खडकावरच्या मुलाला बोलता बोलता, मित्राची वाट पाहता पाहता ते जमून जातं.

तलावाशिवाय सामने व्हायचे म्हणजे समुद्रातच मैदान आखायचं. दोऱ्या ताणायच्या, तरंगती लाकडं बांधायची, दोन बाजूंना गोलपोस्ट उभे करायचे. चेंडू तेव्हा चामड्याचा. तो पाणी पीत जायचा आणि शेवटी शेवटी इतका जड व्हायचा की लांबून फेकायला खांद्यात ताकद लागायची. वारा फिरला की एका बाजूच्या संघाला लाटेविरुद्ध पोहावं लागे. दुपारचं ऊन एकाच गोलरक्षकाच्या डोळ्यांत. हिवाळ्यात पाणी गार, म्हणून खेळ उन्हाळ्यापुरता. या सगळ्या अडचणीच होत्या, त्यांना उगाच सोनेरी रंग द्यायचा नाही. पण काठावर बसलेल्यांचा विचार करा. तिकीट नव्हतं, दार नव्हतं. गावातली माणसं पोहायला आलेली असत, सामना त्यांच्या समोर होत असे. सात वर्षांचं पोर थोरल्या भावाचा डाव पाहत असे, आणि सामना संपला की त्याच पाण्यात उतरून तोच डाव करून बघत असे. बघण्याची जागा आणि खेळण्याची जागा एकच होती. एखाद्या लहान गावात पिढ्यान् पिढ्या एक खेळ टिकतो तो यामुळे. यापेक्षा चांगली प्रशिक्षण-योजना मला माहीत नाही.

मी विहिरीत पोहायला शिकलो. पाठीला पांगाऱ्याच्या लाकडाचा बिंडा, कमरेला काकांचं जुनं धोतर, आणि धोतराचं दुसरं टोक काठावर काकांच्या हातात. आठ-दहा दिवसांनी त्यांनी न सांगता धोतर सोडून दिलं आणि मला ते पलीकडच्या पायरीवर पोचल्यावर कळलं. मुटका मारायचा, तळ काढायचा, कपारीतून उडी घ्यायची. हे सगळं मोठ्या मुलांकडे बघून आलं. विहीर दुसऱ्या भावकीची होती. पण उन्हाळ्यात तिच्यावर पोरं येणार हे गृहीत होतं. मालकाची अट एकच: मोटर चालू असताना पाइपाजवळ जायचं नाही. त्या विहिरीला क्लब म्हणायला माझी हरकत नाही. फक्त तिची नोंदणी झाली नव्हती.

दुब्रोव्हनिकमध्ये नोंदणी न झालेल्या या क्लबाला आजही एक रूप आहे. दर उन्हाळ्यात तिथे ‘दिव्ल्या लिगा’, म्हणजे रानटी लीग, भरते. हौशी खेळाडूंची ही वॉटर पोलो स्पर्धा समुद्रातच खेळली जाते. संघ कंपन्यांचे नसतात, शाळांचे नसतात; किनाऱ्यांचे असतात. डान्चेचा संघ, पोर्पोरेलाचा संघ. ज्या खडकावर तुम्ही लहानपणापासून टॉवेल टाकलात, तो तुमचा संघ. वकील, नावाडी, वेटर, कॉलेजची मुलं एकत्र उतरतात, आणि अंतिम सामन्याला जुन्या बंदराच्या कडेनं गाव लोटतं. व्यावसायिक खेळाच्या पायथ्याशी असा रुंद, हौशी थर असणं ही फार मोठी श्रीमंती आहे.

यावर आक्षेप येतो, आणि तो हलका नाही. म्हणतात, ही सगळी जुन्या काळाची हळहळ आहे. युरोपचा विजेता व्हायचं तर बाराही महिने गरम पाण्याचा तलाव, पगारी प्रशिक्षक आणि पैसा लागतो. खुद्द युग क्लबनं १९८० पासून पुढे युरोपातलं सर्वोच्च विजेतेपद पुन्हा पुन्हा मिळवलं, शेवटचं २०१६ मध्ये, ते दुब्रोव्हनिकच्याच ग्रुझ भागातल्या तलावात घाम गाळून. लंडन ऑलिम्पिकमध्ये २०१२ साली क्रोएशियानं इटलीला हरवून सुवर्णपदक घेतलं. त्या संघातले आंद्रो बुश्लिए, मारो योकोविच, मिहो बोश्कोविच हे दुब्रोव्हनिकचे. ते काही फक्त खडकावर घडले नाहीत.

मान्य. तलाव हवाच. माझं म्हणणं क्रमाबद्दल आहे. किनाऱ्यानं पेरलं ते तलावानं वाढवलं. पेरणी न करता वाढवायला काय मिळणार? इटलीतल्या रेक्कोचं उदाहरण पाहा. जेनोवाजवळचं हे गाव आज जगातल्या सर्वांत यशस्वी वॉटर पोलो क्लबांपैकी एकाचं घर आहे. क्लबची मुळं १९१३ पर्यंत जातात. नोव्हेंबर १९४३ पासून दोस्त राष्ट्रांच्या विमानांनी तिथल्या रेल्वेपुलासाठी बॉम्बफेक सुरू केली आणि जवळजवळ सगळं गाव जमीनदोस्त झालं. घरं गेली, रस्ते गेले. समुद्राचं पाणी तेवढं जागेवर राहिलं. याच रेक्कोनं १९५९ मध्ये इटलीतलं आपलं पहिलं राष्ट्रीय विजेतेपद जिंकलं, आणि त्याच क्लबचा एराल्दो पिझ्झो १९६० च्या रोम ऑलिम्पिकमध्ये सुवर्ण जिंकणाऱ्या इटलीच्या संघात होता. ढिगारे उपसणाऱ्या गावाकडे तलाव बांधायला पैसे कुठून असणार? क्लब पुन्हा उभा राहिला तो कुणाच्या मालकीच्या नसलेल्या पाण्यात.

कुणी म्हणेल, ज्या गावाला समुद्रच नाही त्यानं काय करायचं? याचंही उत्तर इतिहासात आहे, आणि ते तलावाच्या बाजूचं आहे. मँचेस्टरजवळचं हाइड हे कापडगिरण्यांचं गाव. तिथल्या ‘हाइड सील’ या क्लबनं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंड गाजवलं. जॉर्ज विल्किन्सन हा त्यांचा खेळाडू १९०८ आणि १९१२ च्या ऑलिम्पिकविजेत्या ब्रिटिश संघांत होता. गिरणगावात हे कुठून आलं? १८४६ च्या एका कायद्यानं ब्रिटनमधल्या नगरसंस्थांना कराच्या पैशातून सार्वजनिक न्हाणीघरं बांधायची मुभा दिली होती. उद्देश होता घामट, काजळीनं माखलेल्या कामगारांना अंघोळीला पाणी मिळावं हा. सर्वांत खालच्या वर्गाच्या गार पाण्याच्या अंघोळीला एक पेनीपेक्षा जास्त घ्यायचं नाही, हे कायद्यातच लिहिलं होतं. पुढे १८७८ मध्ये पोहण्याचे झाकलेले तलावही त्या कायद्याखाली आले. त्यातूनच गिरणगावांचे क्लब निघाले. म्हणजे समुद्र विरुद्ध तलाव हा वाद नाहीच. घरापासून चालत जाता येईल एवढं जवळ, खिशाला परवडेल एवढं स्वस्त, आणि कुणाची मेहेरबानी न वाटता उतरता येईल असं पाणी, हा खरा मुद्दा आहे.

मराठी माणसाला हा मुद्दा परका वाटू नये. ज्या १९२३ मध्ये दुब्रोव्हनिकला युग क्लब स्थापन झाला, त्याच वर्षी ४ ऑगस्टला मुंबई विधिमंडळात सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला: सार्वजनिक पैशातून बांधलेली किंवा राखलेली पाणवठ्याची ठिकाणं अस्पृश्यांना खुली असावीत. महाड नगरपालिकेनं पुढच्या वर्षी तो स्वीकारला. पण ठराव कागदावर राहिला, म्हणून २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हजारो माणसांसह चवदार तळ्यावर जाऊन पाणी प्यायलं. नंतर दावा लागला. तळं आपल्या रूढीनं आपलंच आहे, असं सवर्ण वादी सांगत राहिले. १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं तो दावा फेटाळला. अनादी काळापासूनची म्हणवली जाणारी ती रूढी सिद्ध झाली नव्हती.

चवदार तळ्याचा लढा माणूसपणाचा होता, तहानेचा आणि अपमानाचा होता. एड्रियाटिकच्या खुर्च्यांशी मी त्याची बरोबरी करत नाही. तसं करणं त्या लढ्याला कमी लेखणं होईल. पण त्या दहा वर्षांतून आपण एक गोष्ट शिकलो, ती जगाला सांगण्यासारखी आहे. ‘सार्वजनिक’ हा शब्द ठरावात लिहिला म्हणून पाणी सार्वजनिक होत नाही. माणसं प्रत्यक्ष काठावर उतरतात तेव्हा ते सार्वजनिक होतं, आणि उतरायची थांबली की पुन्हा कुणाचं तरी खासगी होऊ लागतं. मुंबईत ब्रीच कँडीचा तरणतलाव किती दशकं फक्त युरोपियनांसाठी होता, हे जुन्या मुंबईकरांना आठवतच असेल. पाणी समुद्राकाठचं, शहर आपलं, आणि दारावर पाटी.

ठेकेदारीच्या बाजूनंही बोलायला हवं. ठेक्यामुळे किनारा स्वच्छ राहतो, जीवरक्षक मिळतो, नगरपालिकेला उत्पन्न मिळतं, आणि त्याच उत्पन्नातून क्लबला तलाव गरम ठेवायला पैसे मिळतात. दुब्रोव्हनिकसारखं गाव पर्यटनावरच जगतं. जीवरक्षकाचा मुद्दा मला सर्वांत वजनदार वाटतो, कारण नदीत, खाणीत, धबधब्यात मुलं बुडाल्याच्या बातम्या आपण दर पावसाळ्यात वाचतो. पण जीवरक्षक नेमायला खुर्च्या भाड्यानं द्याव्या लागतात, हे मला पटत नाही. रस्त्यावरचे दिवे लावायला आपण रस्ता ठेक्यानं देत नाही. आणि उत्पन्नाचं म्हणाल, तर त्याची दुसरी बाजूही मोजायला हवी. तटबंदीच्या आत १९९१ मध्ये पाच हजारांच्या आसपास माणसं राहत होती. आज ती दोन हजारांच्याही आत आली आहेत, घरं पर्यटकांच्या मुक्कामासाठी गेली. बंदरात एका वेळी दोनच मोठ्या प्रवासी बोटी, अशी मर्यादा तिथल्या नगरपालिकेलाच २०१९ मध्ये घालावी लागली. ज्या गावानं बोटींना मर्यादा घातली, त्याला खुर्च्यांना घालता येईल. प्रत्येक वस्तीच्या जवळचा एक किनारा कायमचा ठेक्याबाहेर ठेवावा. मोजून, नकाशावर रंगवून, वर्षावर्षाच्या लिलावातून वगळून. कुठले किनारे? ज्यांच्या नावानं संघ उतरतात ते. यादी शोधायला सल्लागार नेमायला नको, स्पर्धेच्या वेळापत्रकातच ती आहे.

आपल्याकडचं चित्र पाहिलं की क्रमाचा मुद्दा आणखी टोचतो. मी ज्या तालुक्याच्या गावी शाळा शिकलो, तिथे नगरपालिकेनं बऱ्याच खर्चानं जलतरण तलाव बांधला. उद्घाटन झालं, दोन उन्हाळे बॅचेस चालल्या. मग पाणी शुद्ध करणारं यंत्र बंद पडलं. आता फाटकाला कुलूप आहे आणि तळाला शेवाळ. तलाव बंद पडला म्हणून गावात कुणी मोर्चा काढला नाही, कारण पोहणारं गाव तोवर उरलंच नव्हतं. नदीचा घाट वीस वर्षांपूर्वीच सुटला होता; वरच्या अंगाला सांडपाणी सुरू झालं तेव्हा. विहिरींवर जाळ्या आल्या. पोहणाऱ्यांची एक पिढी मधून गळाली, आणि तलाव रिकाम्या जागी आला. तो कुणाच्या सवयीचा नव्हता.

भारतानं १९५१ च्या दिल्लीतल्या पहिल्या आशियाई स्पर्धेत वॉटर पोलोचं सुवर्णपदक जिंकलं होतं, हे आज किती जणांना ठाऊक आहे? १९७० मध्ये रौप्य, १९८२ मध्ये कांस्य, आणि मग काहीच नाही. या उतरत्या ओळीची कारणं अनेक असतील. पण ज्या वर्षांत पदकं आटत गेली, त्याच वर्षांत आपले घाट, तळी आणि नद्या पोहण्यालायक राहिल्या नाहीत. पंचगंगेकाठी, कृष्णेकाठी वाढलेल्या कुठल्याही साठीच्या माणसाला विचारा, तो कुठे पोहायला शिकला आणि त्याचा नातू कुठे शिकतो. नव्या तलावाची मागणी करणाऱ्या प्रत्येक निवेदनात नदीच्या सांडपाण्याचं कलम आधी यायला हवं, आणि तलावाच्या प्रवेशशुल्काचा आकडा निविदेच्या आधी ठरायला हवा, जसा १८४६ मध्ये एका पेनीचा ठरला होता.

दुब्रोव्हनिकला अजून उशीर झालेला नाही. तिथे उन्हाळ्यात संध्याकाळी अजूनही दोऱ्या ताणल्या जातात, गोल तरंगत ठेवले जातात. मात्र त्या स्पर्धेत उतरायचं तर संघाला एका किनाऱ्याचं नाव लागतं, आणि त्या किनाऱ्यावर वाढलेली मुलं लागतात.